काळा कुत्रा, पांढरी मांजर : घरातल्या फोटोंत भाव कसे पकडायचे?

आळशी_बोका

घरात दोन प्राणी आहेत. काळ्या हा चार वर्षांचा गावठी कुत्रा, छातीवरचा बोटभर ठिपका सोडला तर नखशिखांत काळा. चिंगी ही पांढऱ्या अंगावर केशरी ठिगळं असलेली मांजर. टोपी-गॉगल घालून काढलेले फोटो नकोत. काळ्या दाराशी कान टवकारून बसतो, चिंगी जागी झाली की आळस देते, असे रोजचेच क्षण हवेत, पण त्यात चेहरा बोलका दिसायला हवा.

सामान: जुना क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) डीएसएलआर, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स, शिवाय ५० मिमी एफ १.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते), आणि मागे मुख्य व टेलि (दूरचं जवळ दाखवणारा) असे दोन कॅमेरे असलेला अँड्रॉइड फोन. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. हॉलला पूर्वेची खिडकी, तिला लोखंडी गज. गॅलरीला कबुतरांची जाळी.

अडचणी अशा:

१. काळ्याचा चेहरा म्हणजे नुसता काळा डाग. डोळे सापडतच नाहीत.
२. संध्याकाळी ट्यूबखाली काढलेले फोटो एकतर हललेले, नाहीतर त्यांवर आडवे पट्टे.
३. ५० मिमी पूर्ण उघडली की नाक स्पष्ट आणि डोळे धूसर, किंवा उलटं.
४. फोन समोर धरला की काळ्या तोंड फिरवतो. चिंगी बघते, पण बुबुळाच्या जागी नुसती उभी रेघ, त्यामुळे रागावल्यासारखी दिसते.

फ्लॅश वापरू का? नवीन कॅमेरा सध्या घ्यायचा नाही.

पाच_पॉइंट_सहा

फ्लॅश नको. कुत्र्या-मांजरांच्या दृष्टिपटलामागे टॅपेटम नावाचा प्रकाश परतवणारा थर असतो. त्यामुळे अंधारात त्यांना आपल्यापेक्षा चांगलं दिसतं, आणि त्यामुळेच फ्लॅशमध्ये त्यांचे डोळे हिरवे-पिवळे पेटतात. फोनचा फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून असतो, म्हणून तिथे हा प्रकार सर्वांत वाईट. ‘रेड आय’ काढायची सोयही उपयोगाची नाही, कारण ती लाल रंग शोधते. वेगळा बसवायचा फ्लॅश असेल आणि छत पांढरं असेल तर त्याचं डोकं छताकडे वळवून चालतं, पण काळ्या आधीच तोंड फिरवत असेल तर तेही आत्ता नको.

आता क्रमांक दोन. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुन्या चोकवाल्या ट्यूबा आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवलं तर प्रत्येक फोटोत पूर्ण चढउतार मावतो आणि पट्टे येत नाहीत. १/५०० केलं की एखादाच तुकडा मिळतो: फोनमध्ये पट्टे, आणि डीएसएलआरमध्ये एक फोटो उजळ, पुढचा मळका. खरी गोची पुढे आहे. बसलेला कुत्रासुद्धा मान वळवतो, कान हलवतो, धापा टाकतो, आणि ते थांबवायला निदान १/२५० लागतं. ट्यूब म्हणते १/१००, कुत्रा म्हणतो १/२५०. ही भांडणं मिटत नाहीत, म्हणून दिवसा खिडकीपाशी काढा.

फरक आकड्यांत सांगतो. दिवसा खिडकीपासून तीन फुटांवर, थेट ऊन नसताना, एफ २.८ आणि १/२५० ला साधारण आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) ८०० लागतो. रात्री नेहमीच्या ट्यूबखाली तेच हवं असेल तर ६४०० च्या आसपास. जुन्या क्रॉप सेन्सरवर ६४०० म्हणजे काळ्याच्या अंगावर रंगीत दाणे, आणि ते सावल्यांतच जास्त दिसतात. काळ्याच्या अंगावर सावल्यांशिवाय दुसरं आहे काय!

शटरचा अंदाज: झोपलेलं किंवा स्तब्ध बसलेलं १/१२५, बसून इकडेतिकडे बघणारं १/२५०, घरात चालणारं १/५००, धावणारं किंवा अंग झटकणारं १/१००० ते १/१६००. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ ऑटोवर, कमाल मर्यादा ३२००.

क्रमांक तीन हा हिशोबाचा मामला आहे. तुमच्या क्रॉप सेन्सरवर ५० मिमी लेन्सनं पाच फुटांवरून एफ १.८ ला स्पष्ट दिसणारी जागा सगळी मिळून साधारण ६ सेंमी. एफ २.८ ला १०, एफ ४ ला १४, एफ ५.६ ला २० सेंमी. यातली जवळजवळ निम्मी फोकसच्या पुढे, निम्मी मागे. गावठी कुत्र्याच्या डोळ्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत १० सेंमीच्या आसपास अंतर धरा. म्हणजे डोळ्यावर फोकस करून नाकही स्पष्ट हवं तर समोरून एफ ५.६ लागेल. मुधोळ, म्हणजे आपल्याकडचा कारवान, त्याचं तोंड आणखी लांब, तिथे एफ ८ सुद्धा कमी पडतं. मांजराचं तोंड चपटं, चिंगीला एफ २.८ पुरे.

पण एफ ५.६ ला एफ २.८ च्या चौपट उजेड हवा. तो नसेल तर कॅमेऱ्याचा नाद सोडून कुत्र्याचा कोन बदला. त्याचं तोंड पाऊण वळलेलं किंवा पूर्ण बाजूला असलं की डोळा आणि नाक लेन्सपासून जवळपास सारख्याच अंतरावर येतात, आणि एफ २.८ ला दोन्ही मिळतात. काळ्या दाराकडे बघत असतो तो फोटो असा बाजूनं छान येईल. दोनांतला एकच डोळा स्पष्ट मिळणार असेल तर तो जवळचा असू द्या. नाक धूसर चालतं, डोळा धूसर चालत नाही.

फोकस सतत बदलणारा ठेवा (निकॉनवर एएफ-सी, कॅननवर एआय सर्व्हो), पॉइंट एकच, मधला. जुन्या डीएसएलआरमध्ये कमी उजेडात मधला पॉइंटच सर्वांत भरवशाचा. मात्र डोळ्यावर फोकस करून मग कॅमेरा सरकवायची सवय इथे नडते, कारण पाच फुटांवर एवढ्या सरकण्यानंही फोकस हलतो. चौकट थोडी सैल ठेवा, नंतर कापा. प्राण्यांच्या डोळ्यांवर आपोआप फोकस करणारे कॅमेरे २०१९-२० पासून आले (सोनीनं ए७ थ्रीला, निकॉननं झेड ६ आणि झेड ७ ला ते फर्मवेअरमधून दिलं). पण मंद उजेडात काळ्या तोंडावरचा काळा डोळा शोधताना तेही अडखळतात, तेव्हा हळहळू नका.

ओंजळभर_उजेड

वरचं सगळं मान्य, पण काळ्या डागाचा प्रश्न सेटिंगचा कमी आणि जागेचा जास्त आहे.

काळे केस स्वतःहून काही दाखवत नाहीत. आपल्याला दिसते ती त्यांच्यावर पडलेली चमक. समोर मोठा उजळ पृष्ठभाग (आकाश दिसणारी खिडकी, उघडं दार, पांढरी चादर) असला की गालाचं हाड, भुवई, कानाची घडी यांच्यावर राखाडी चमक येते आणि चेहऱ्याला आकार मिळतो. डोक्यावरच्या ट्यूबनं फक्त टाळू चमकते, डोळे भुवईच्या सावलीत बुडतात. म्हणून डाग.

तुमच्या घरात सर्वांत चांगली जागा गॅलरीचं दार आहे. काळ्याला दाराच्या आत, उंबऱ्यापासून दोन-तीन फुटांवर बसवा. तुम्ही गॅलरीत, जाळीला पाठ करून जमिनीवर बसा. त्याच्या तोंडावर आकाशाचा मऊ उजेड, दोन्ही डोळ्यांत दाराचं पांढरं प्रतिबिंब, मागे हॉलचा अंधार. जाळी तुमच्या पाठीमागे, त्यामुळे फोटोत येण्याचा प्रश्नच नाही. एकच काळजी: तुम्हीच दार अडवाल. डोकं खाली ठेवा किंवा थोडं कडेला बसा, नाहीतर त्याच्या डोळ्यांत तुमचीच काळी आकृती दिसेल.

पूर्वेच्या खिडकीत सकाळी थेट ऊन येणार, आणि गजांची सावली चेहऱ्यावर पट्ट्यांसारखी पडणार. गजांवर आतून जुनं पांढरं धोतर किंवा पातळ सुती ओढणी ताणून बांधा. उजेड निम्म्यावर येतो पण पसरतो. रंगीत पडदा नको, चिंगीचा पांढरा रंग लगेच हिरवट किंवा गुलाबी होतो. भिंतीचंही तेच. पिस्ता रंगाच्या भिंतीला टेकून बसलेल्या पांढऱ्या मांजराची एक बाजू पिस्ता रंगाचीच येते. ऊन सरकल्यावर, साधारण अकरानंतर, काहीही न बांधता तीच खिडकी उत्तम. आणि पावसाळ्याला नावं ठेवू नका. जून ते ऑगस्टचं भरलेलं आभाळ केसाळ प्राण्यांसाठी वर्षातला सर्वांत चांगला उजेड देतं, दिवसभर.

काळ्यासाठी खिडकीचा उजेड बाजूनं, साधारण ४५ अंशांत येऊ द्या. दुसऱ्या बाजूला जमिनीवर पांढरी चादर किंवा पांढरा कार्डशीट, शक्य तितका जवळ, फक्त चौकटीच्या बाहेर. हनुवटीखालचा अंधार त्यानं उघडतो. त्याला गडद सोफ्यावर बसवू नका. मातकट सतरंजी, फिकट गोधडी, पिवळसर चादर अशावर त्याची कड वेगळी दिसते. चिंगीला उलट, थोडी गडद पार्श्वभूमी द्या.

एक्स्पोजरबद्दल, म्हणजे फोटो किती उजळ ठेवायचा याबद्दल, सगळीकडे एकच वाक्य फिरतं: काळ्या प्राण्याला उणे, पांढऱ्याला अधिक. ते अर्धंच खरं. काळ्याचा चेहरा चौकट भरून असेल तर कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर त्याला राखाडी करायला बघतं, तेव्हा -०.७ ते -१ स्टॉप बरोबर (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). पण तोच काळ्या उजळ फरशीवर किंवा आकाशासमोर चौकटीचा पाचवा हिस्सा व्यापत असेल तर मीटर फरशी सांभाळतं आणि काळ्याला बुडवतं. तिथे +०.७ ते +१ लागतं. तुमचे बरेच डाग यातलेच असणार. चिंगी चौकट भरून असेल तर +०.७, मात्र पाठीवरचे केस पूर्ण पांढरे फुटत नाहीत ना ते स्क्रीनवर मोठं करून बघा. फुटलेला पांढरा परत येत नाही, दबलेला काळा रॉ फाइलमधून (कॅमेऱ्यानं न दाबलेल्या कच्च्या फाइलमधून) बराच वर येतो.

चिंगीच्या रेघेचं कारणही उजेडच. कडक उन्हात मांजराची बाहुली फटीएवढी होते. तिला खिडकीच्या कट्ट्यावरून उचलून पाच-सहा फूट आत आणा, दहा-पंधरा सेकंद थांबा, बाहुली बदामाच्या आकाराची होईल आणि चेहरा लगेच मवाळ दिसेल. फार अंधारात नेऊ नका, तिथे ती पूर्ण गोल काळी होते आणि डोळ्याचा सोनेरी रंग हरवतो.

शेपूटवाकडी

उजेड झाला, लेन्स झाली. आता मालकांचं सोडून प्राण्याचं बघू.

काळ्या फोनकडे बघत नाही याचं साधं कारण म्हणजे कुत्र्याच्या भाषेत एकटक रोखून बघणं म्हणजे धमकी. मोठा गोल काचेचा डोळा, त्यामागे मालकाचा चेहरा गायब, वरून मालक वाकलेला. सभ्य कुत्रा अशा वेळी तोंड फिरवतो, ओठ चाटतो, जांभई देतो. लोकांना वाटतं कंटाळला. तो ‘मला भांडायचं नाही’ असं सांगत असतो.

सवय लावायची पद्धत: पहिल्या दिवशी कॅमेरा नुसता जमिनीवर ठेवा, त्यानं हुंगला की वाटाण्याएवढा खाऊ. फोटो नाही. दुसऱ्या वेळी कॅमेरा हातात, छातीशी, डोळ्याला न लावता. बघितलं की खाऊ. मग डोळ्याला लावून, पण एक सेकंदच. मग शटरचा आवाज, आणि आवाजानंतर लगेच खाऊ. प्रत्येक बैठक दोन मिनिटांची, दिवसातून एकदा-दोनदा. बहुतेक कुत्री आठवड्याभरात कॅमेरा दिसला की स्वतःहून समोर येऊन बसतात. पायरी चढली नाही तर आधीच्या पायरीवर परत या, जबरदस्तीनं तोंड वळवू नका. एकदा हनुवटी धरून वळवली की पुढचे चार दिवस गेले म्हणून समजा.

खाऊ म्हणजे बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा पनीर, बारीक तुकडे. बिस्किटाचा चुरा नाकावर आणि ओठांवर दिसतो. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा-लसूण घातलेलं काहीही नको, ही कुत्र्यांना विषारी आहेत. खाऊ दिल्यावर लगेच फोटो काढला तर चाटणारी जीभच येते. गिळेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबा. ‘अजून आहे का?’ हा भाव त्यानंतर येतो, आणि तो बघण्यासारखा असतो.

कान टवकारण्यासाठी आवाज. इथे बहुतेक जण क्रम चुकवतात: आधी आवाज, मग कॅमेरा उचलणं, तोवर संपलं. कॅमेरा डोळ्याला, फोकस डोळ्यावर, बोट अर्धं दाबलेलं, आणि मग आवाज. नवीन आवाज दोनदा, फार तर तीनदा चालतो, मग तो ऐकून सोडून देतो. म्हणून एका बैठकीत तीन-चार वेगळे आवाज राखून ठेवा: जिभेची टकटक, प्लॅस्टिकची चुरचुर, बारीक शीळ, डब्याचं झाकण. चिंगीसाठी सुकटीचा डबा हलवला तरी पुरे, पण सुकट खारट असते, द्यायचीच तर धुऊन आणि चिमूटभर. दुसऱ्या मांजरांच्या भांडणाची रेकॉर्डिंग लावू नका. कान उभे राहतात खरे, पण तो चेहरा घाबरलेला असतो.

घाबरलेला आणि उत्सुक चेहरा यांत फरक करता आला पाहिजे. डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरा भाग दिसतोय, कान मागे चिकटलेत, तोंड घट्ट मिटलंय, शेपूट पायांत आहे: थांबा, कॅमेरा ठेवा. मांजराचे कान विमानाच्या पंखांसारखे आडवे झाले किंवा शेपटीचं टोक जमिनीवर आपटायला लागलं की तेच. ‘कुत्रा हसतोय’ म्हणतात तो सैल उघडा जबडा आणि थोडी बाहेर आलेली जीभ, हा चेहरा पाच-दहा मिनिटांच्या खेळानंतर आपोआप मिळतो. पण जीभ खूप लांब, टोकाला रुंद, आणि डोळे बारीक असतील तर त्याला उकडतंय. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर फोटो काढणाऱ्यांनी आधी फरशीवर हाताचा पंजा पाच-सात सेकंद ठेवून बघावा. ठेववत नसेल तर कुत्र्यालाही उभं करू नये.

मांजराला बोलवायचं नसतं, जागा मांडायची असते. खिडकीपासून पाच फुटांवर रिकामं खोकं किंवा कागदी पिशवी ठेवा आणि विसरून जा. चिंगी तिथे स्वतः येईल. तोवर उजेड, पार्श्वभूमी, सेटिंग सगळं त्या खोक्यावर तपासून ठेवलेलं हवं. खेळवायला खराट्याचा हीर घ्या, टोकाला चिंधी बांधा (उघडं टोक डोळ्यात जातं) आणि तो चादरीखालून हळू सरकवा. दबा धरलेल्या मांजराच्या चेहऱ्यावर जे असतं ते दुसऱ्या कशानं आणता येत नाही. चिंधी लेन्सच्या अगदी वरच्या कडेला आणली की नजर कॅमेऱ्यात येते. एक फूट वर नेली तर सगळ्या फोटोंत ती छत बघत असल्यासारखी दिसेल. लेझरचा ठिपका नको. डोळ्यात जाण्याचा धोका, आणि पकडायला काहीच हाती लागत नाही म्हणून प्राणी चिडचिडा होतो, कुत्रा तर भिंती हुंगत बसतो.

टोपी-गॉगल टाळताय ते उत्तम. निम्मा भाव कानांत असतो, तेच झाकायचे कशाला.

गजाआड

फोनवाल्यांच्या वतीनं.

मुख्य कॅमेऱ्यानं जवळ जाऊन काढलं की नाक भोपळ्याएवढं आणि कान गायब, हे लेन्समुळे नाही, अंतरामुळे. दीड फुटावर कुत्र्याचं नाक डोळ्यांपेक्षा कितीतरी जवळ असतं. चार फूट मागे जा आणि २x वापरा. आता गंमत: उजेड कमी पडला की बरेच फोन २x वर असतानाही गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून देतात. तपासायला सोपं: २x निवडा आणि टेलिच्या लेन्सवर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली नाही, तर टेलि चालूच नाही. प्राण्यावर जास्त उजेड पडू द्या किंवा १x वर काढून नंतर कापा, निकाल तोच.

पोर्ट्रेट मोड बंद. तो कड ओळखून मागचं धूसर करतो, आणि मिशा, कानाचे केस, शेपटीचा झुपका त्याला कळत नाहीत. मिशा अर्ध्यात तुटतात. मागचं खरोखर धूसर हवं तर प्राण्याच्या मागे सहा-सात फूट मोकळी जागा सोडा. नाइट मोडही बंद, तो सेकंद-दोन सेकंद चित्रं साठवून एक करतो आणि हलणाऱ्या कानाचे दोन कान होतात.

तुमच्या फोनमध्ये प्रो मोड असेल तर शटर १/२५०, आयएसओ ऑटो. प्रो मोड नसेल किंवा कंटाळा असेल तर चेहऱ्यावर बोट टेकवून थोडं धरून ठेवा, फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात, मग सूर्याची खूण खालीवर करून उजेड ठरवा. सलग फोटोंसाठी शटरचं बटण दाबून धरणं किंवा कडेला ओढणं, फोनप्रमाणे वेगळं असतं, सेटिंगमध्ये बघून घ्या.

फोन उलटा धरा, लेन्स खालच्या बाजूला येईल आणि फरशीपासून दोन बोटांवर राहील. मांजरासाठी हीच उंची हवी. आणि लेन्स पुसा. प्रत्येक वेळी. काळ्यानं हुंगलेल्या लेन्सवर नाकाचा ओला ठसा असतो, खिडकीचा उजेड त्यात पसरतो आणि सगळा फोटो दुधाळ होतो.

आळशी_बोका

गॅलरीच्या दाराची जागा पटली. तीन शंका. एक, डीएसएलआर जमिनीवर ठेवून स्क्रीनवर बघून काढलं तर फोकस फार हळू होतो, आणि व्ह्यूफाइंडरमधून बघायला पालथं झोपावं लागतं. दोन, दोघं एकत्र असतात तेव्हा एक बुडतो किंवा दुसरी फुटते. तीन, खाऊ दिसला की काळ्याची लाळ गळते आणि तो नुसता हाताकडे बघतो.

पाच_पॉइंट_सहा

पहिलीचं उत्तर: जुन्या डीएसएलआरमध्ये स्क्रीनवरचा फोकस वेगळ्या, हळू पद्धतीनं चालतो, त्याला इलाज नाही. स्वतः खाली जाण्याऐवजी प्राण्याला वर आणा. काळ्या दिवाणावर किंवा सोफ्यावर, तुम्ही फरशीवर मांडी घालून. त्याचे डोळे आणि तुमचे डोळे एका पातळीला येतात, व्ह्यूफाइंडर वापरता येतो. चिंगीसाठी खुर्ची, शिलाई मशीन, पायरी. खिडकीचा कट्टा फक्त गज आणि जाळी पक्की असेल तरच, दुसरा मजला मांजराला कमी नाही.

खाऊबद्दल माझं मत शेपूटवाकडींपेक्षा वेगळं आहे. ज्या कुत्र्याला खाऊचं वेड आहे त्याच्यासाठी फोटोच्या वेळी खाऊ बंदच. सवय लावताना ठीक, प्रत्यक्ष काढताना त्याच्या डोळ्यांत फक्त चिकन दिसतं. त्यापेक्षा घरातला दुसरा माणूस दाराबाहेर जाऊन किल्ली वाजवेल असं ठरवा.

शेपूटवाकडी

किल्लीची कल्पना चांगली, पण रोज वापरू नका. दार वाजलं आणि कोणी आलंच नाही, असं चार वेळा झालं की काळ्या खऱ्या किल्लीलाही उठणार नाही.

लाळेवर उपाय: खाऊ हातात नको, डब्यात, मागच्या टेबलावर. जेवणानंतर तासाभरानं फोटो काढा, भुकेच्या वेळी नको. खाऊऐवजी आवडता बॉल असेल तर तो लेन्सच्या शेजारी धरा, नजर तीच पण तोंड कोरडं. हनुवटी पुसायला पंचा जवळ असू द्या, काळ्या केसांवर लाळेचे धागे फार चमकतात.

ओंजळभर_उजेड

दोघं एकत्र: काळ्याला उजेडाच्या जवळ, चिंगीला फूट-दीड फूट मागे. खिडकीजवळ एवढ्या अंतरानंही उजेड बराच बदलतो, आणि तो इथे तुमच्या बाजूनं वापरता येतो. एक्स्पोजर चिंगीच्या पाठीवरून ठरवा, ती फुटू द्यायची नाही. फोटो रॉमध्ये, नंतर सावल्या उचला. दोघांचे डोळे लेन्सपासून सारख्या अंतरावर नसतील तर एफ ५.६ ठेवा, आणि फोकस पुढच्याच्या डोळ्यावर.

संस्करण करताना सावल्या इतक्या उचलू नका की काळ्याचा राखाडी कुत्रा होईल. उचललेल्या सावलीला निळसर झाक येते, रंगतापमान थोडं उबदार करा. डोळ्यांपुरता उजेड पाव ते अर्धा स्टॉप वाढवला तर खपतो, त्याहून जास्त केला की डोळे काचेचे दिसतात. दाणे (नॉइज) घालवणारा स्लायडर जपून. केस वितळून तेल लावून बसवल्यासारखे होतात.

गजाआड

निवड करताना क्रम ठेवा, नाहीतर दोनशे फोटोंत अडकाल. पहिल्या फेरीत फक्त जवळचा डोळा १०० टक्के मोठा करून बघा, धूसर असेल तर उडवा. दुसऱ्या फेरीत कान: दोन्ही एकाच दिशेला किंवा एक पुढे एक मागे चालतो, दोन्ही चिकटलेले उडवा. तिसऱ्या फेरीत पार्श्वभूमी, म्हणजे डोक्यातून उगवलेला टेबलाचा पाय, चपला, चार्जरची वायर. शेपूट चौकटीच्या कडेला अर्धी कापली गेली असेल तर एकतर पूर्ण ठेवा, नाहीतर मानेपर्यंत घट्ट कापा.

आणि निवडलेले फोटो घरच्या ग्रुपवर टाकताना डॉक्युमेंट म्हणून जोडा. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखे टाकले तर फाइल दाबली जाते, आणि सर्वांत आधी जातात त्या मिशा आणि काळ्या केसांतले बारकावे.